आईसाठी उतरवलेली गाडी

तलासरीच्या अलीकडे हायवेला लागून पाट्यांचं काम करणारा एक गॅरेजवाला आहे. मागच्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांची चळत असते, गाडीचा सगळा भार झेलणारी, तिला आमच्याकडे पाटे म्हणतात. त्याच्याकडे येणारी प्रत्येक गाडी उंच व्हायला येते. विटांचे टेम्पो, गवताचे टेम्पो, चिकूच्या क्रेटनी शिगोशीग भरलेल्या पिकअप. एखादा पाटा वाढवला की गाडी मागून उचलली जाते आणि भरल्यावर टेकत नाही. गाडी खाली उतरवून द्या म्हणणारा त्याच्या आयुष्यातला मी पहिलाच असेन, निदान पांढऱ्या केसांचा तरी. त्याने माझी उंच, सात सीटची जीप पाहिली, मागे रचलेल्या कलमांच्या पिशव्या पाहिल्या आणि हिंदी-गुजराती-मराठीच्या खिचडीत विचारलं, हे खूळ कशासाठी? मी म्हटलं, आईला चढता येत नाही.

कारण खरं होतं. म्हणूनच मला आज त्याचा इतका त्रास होतो. हौसेखातर केलं असतं तर हौस नडली म्हणून मोकळा झालो असतो.

नरपडला आमची चिकूची वाडी आहे आणि वाडीच्या कडेला माझी कलमांची रोपवाटिका. आईचं वय पंचाहत्तरच्या पुढे. तिचा उजवा गुडघा गेली काही वर्षं वाकतच नाही. डॉक्टरांनी वाटी बदलायला सांगितली होती, पण आता मला कुठे शर्यतीत पळायचंय म्हणून तिने तो विषय एका वाक्यात संपवला. सरळ पायाने ती वाडीभर फिरायची, काठीसुद्धा न घेता. लग्नकार्यं, देवदर्शन, माहेरची माणसं, सगळं तिने हळूहळू सोडून दिलं आणि त्याचं तिला फारसं वाईटही वाटलं नाही. फाटकाबाहेरच्या जगात तिला जायची ओढ होती अशी एकच जागा उरली होती. उधव्याच्या पुढचा एक पाडा, आणि त्या पाड्यातली एक बाई.

ही बाई मी शाळेत असताना चिकू काढायच्या हंगामाला आमच्याकडे आली. पहिल्या वर्षी हंगाम संपल्यावर परत गेली, दुसऱ्या वर्षी पुन्हा आली, आणि नंतर नवऱ्यासह वाडीच्या कोपऱ्यातल्या खोलीत राहिलीच. तीस वर्षं. झाडावरून उतरवलेले चिकू गोणपाटावर पसरायचे आणि निवडायचे. मोठे एकीकडे, मध्यम एकीकडे, बारीक आणि फुटके तिसरीकडे. हे काम ती आणि आई समोरासमोर बसून करायच्या. तासन्‌तास एक शब्द नाही. मधेच दोघींपैकी कुणीतरी काहीतरी म्हणायचं आणि दोघी हसायच्या, आणि आम्हाला काही कळायचं नाही. मी तिला मावशी म्हणायचो. माझ्या वडिलांच्या आजारपणात आईच्या शेजारी कोण बसलं होतं असं मला कुणी विचारलं तर मी नातेवाइकांपैकी कुणाचं नाव घेणार नाही, तिचं घेईन.

तरीही तिचा चहाचा कप मागच्या पडवीत वेगळा ठेवलेला असायचा. हे लिहायला मला बरं वाटत नाही, पण होतं तसं लिहितो. तीस वर्षांत ती आमच्या घरात खुर्चीवर बसली नाही. बस म्हटलं असतं तरी बसली नसती, असं आम्ही म्हणायचो. पण बस असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही.

पुढे तिच्या मुलाने पाड्यात पक्कं घर बांधलं आणि तिला नेलं. ती गेली त्या हंगामात आई एकटी निवडायला बसायची. बारीक चिकू हाताला लागला की सवयीने समोर सरकवायची, आणि समोर कुणी नसायचं. एक दिवस मी कलमं घेऊन तलासरीच्या बाजाराला निघालो होतो तर आई फाटकाशी उभी. म्हणाली, मला पुढे सोडशील का, येताना घेऊन ये.

तेव्हापासून दर पंधरवड्याला हे ठरून गेलं. डहाणूहून चारोटीला जायचं, हायवे धरायचा, तलासरीला हायवे सोडून उधव्याकडे वळायचं. आईच्या पिशवीत सुके बोंबील आणि पिकायला ठेवलेले चिकू. तिला पाड्यात उतरवून मी लगेच मागे फिरायचो, माझं बाजाराचं काम करायचो आणि दुपार कलली की न्यायला जायचो. एकदा जरा लवकर पोचलो तर आई मावशीच्या ओट्यावर भिंतीला टेकून, पाय पसरून बसली होती आणि मावशी तिच्या पानात नागलीची भाकरी वाढत होती. आमच्या घरी मावशी आईला शेठाणी म्हणायची. इथे ती तिला अगं-तुगं करत होती, ही भाकरी खा, ती नको खाऊ म्हणून दटावत होती, आणि आई मुकाट्याने खात होती. घरी आईला कुणी दटावत नाही. मला त्या दिवशी कळलं की आई इथे का येते. इथे ती कुणाची आई नव्हती आणि मालकीण तर नव्हतीच.

आता चढण्याचं. जीपची मधली सीट माझ्या कमरेएवढी उंच. घरून निघताना आई पालथ्या घातलेल्या क्रेटवर चढायची आणि तिथून सीटवर. पाय वाकत नसल्यामुळे ती पुढच्या सीटवर मावायचीच नाही. मधल्या सीटवर आडवी बसून पाय लांब पसरायची आणि पाठ दाराला टेकवायची. पाड्यात मावशी तिला खांदा द्यायची. पायरी बसवून पाहिली होती मी, पण पायरीने एका चढणीच्या दोन चढणी झाल्या, आणि न वाकणाऱ्या गुडघ्याला दोनपेक्षा एकच बरी. मी ती काढून टाकली.

एकदा परतताना आईला तलासरीच्या बाजारात सुक्या मिरच्या घ्यायच्या होत्या. उतरली, घेतल्या. चढायची वेळ आली आणि क्रेट घरी राहिलेला. मी आतून हात धरून ओढतोय, तिचा पाय सीटच्या काठाला अडकतोय, मागे माणसं थांबून बघताहेत. शेवटी दोन अनोळखी माणसांनी तिला खालून उचलून आत ढकललं. भल्यासाठीच केलं त्यांनी. पण तिचा पदर पडला, मिरच्या सांडल्या, आणि कुणीतरी क्रेन मागवा म्हणालं आणि लोक हसले.  घरी आल्यावर आई म्हणाली, “पुरे झालं आता. नको जायला.”

मी म्हटलं, मी बघतो काय करायचं ते.

करायचं एवढंच होतं की गाडीत कायम एक क्रेट ठेवायचा. माझ्या बायकोने हे त्याच संध्याकाळी सुचवलं. पण मी मेकॅनिकलचा डिप्लोमावाला. पंचवीस वर्षांपूर्वी दोन वर्षं कारखान्यात काढली, मग वाडी सांभाळायला आलो, पण डिप्लोमा डोक्यातून गेला नाही. क्रेट म्हणजे ठिगळ, असं मी तिला सांगितलं. आजार गाडीच्या उंचीत आहे तर इलाज उंचीवर करायचा. हे बोलताना मला स्वतःचं केवढं कौतुक वाटलं होतं ते आजही आठवतं.

गॅरेजवाल्याने मला अडवून पाहिलं. त्याचं म्हणणं साधं होतं. गाडी खाली आली की चाक आणि बॉडी यांच्यातली जागा कमी होते, आणि त्या जागेतच खड्डा जिरतो. जागा गेली की खड्डा माणसाच्या अंगात जिरतो. मी त्याला म्हटलं, ते मला माहीत आहे, म्हणून तर नुसती उतरवायची नाही, कडकही करायची. पुढच्या स्प्रिंगचे दीड वेढे कापायचे, मागच्या पाट्यांचा बाक ठोकून सपाट करायचा, आणि खाली एक आखूड जाड पाटा घालायचा, म्हणजे कलमं भरली तरी टेकणार नाही. मी कागदावर आकडे मांडून नेले होते. आकडे बरोबर होते, आजही बरोबर आहेत. त्याने कागद पाहिला नाही.

“मागे कोण बसतं?” त्याने विचारलं.

“कलमं,” मी म्हणालो. “आणि आई.”

त्यावर तो म्हणाला की आधी आईला घेऊन या, तिला विचारू, मग कापू. मला राग आला. माझ्या आईचं मला कळत नाही असं हा मला सांगणार? मी म्हटलं, कापा.

गाडी चार बोटं खाली आली. पुढच्या फेरीला आई फाटकाशी उभी राहिली. क्रेट आणायला कुणी गेलं नाही. तिने सीटवर हात टेकवला, पाठमोरी झाली, बसली, आणि हाताने पाय उचलून आत घेतला. बस्स. ती स्वतःच चकित झाली. उतरून पुन्हा एकदा बसून दाखवलं तिने मला आणि बायकोला, आणि हसली. मला भरून आलं होतं, खोटं कशाला बोलू.

आणि हायवेवर गाडी काय सुरेख चालली. आधी ती जीप लेन बदलताना डुलायची, वळणावर एका अंगाला कलायची, मागून कंटेनर गेला की थरथरायची. आता स्टिअरिंग वळवलं की गाडी तेवढीच आणि तिथेच वळत होती. वजन खाली गेलं की कलणं कमी होतं, कलणं कमी झालं की चारही टायर रस्ता नीट धरतात. हे सगळं मी आईला पुढून ओरडून समजावत होतो. हायवेचा रस्ता गुळगुळीत. आईसुद्धा म्हणाली की पूर्वी पोटात ढवळायचं ते आज ढवळलं नाही.

तलासरीला हायवे सोडला आणि पहिला मोठा गतिरोधक आला. धाड असा आवाज झाला. मी आरशात बघून विचारलं, लागलं का? आई म्हणाली, “नाही रे. मस्त आहे.” आणि हसली. पुढे रस्ता उखडलेला, मधे मोऱ्या, प्रत्येक पाड्याच्या तोंडाशी गावकऱ्यांनी स्वतःच घातलेले उंच गतिरोधक. प्रत्येक वेळी मी आरशात बघत होतो आणि प्रत्येक वेळी ती हसत होती. मला हादरे जाणवत होते, नाही असं नाही. पण मी त्याला दणकटपणा म्हणत होतो.

एक गोष्ट मला पुस्तकातून माहीत होती आणि तरी सुचली नाही. चालवणारा बसतो पुढच्या आणि मागच्या चाकांच्या साधारण मधे. गाडी पुढून उचलली काय आणि मागून काय, त्याच्यापर्यंत निम्मंच पोचतं. मागे, चाकाच्या जवळ बसलेल्याला सगळं पोचतं. त्यातून आई आडवी बसलेली, पाय लांब, पाठीला सीटचा आधार नाही, सगळा भार एका बाजूच्या हाडावर. मी पुढे मऊ गादीवर, हातात स्टिअरिंग, खड्डा कधी येणार ते मला आधी दिसतंय आणि अंग आपोआप सावरतंय. तिला खड्डा आल्यावरच कळत होता.

पुढच्या दीड वर्षात गाडीने मला सांगायचं ते सगळं सांगितलं. टायर आतल्या बाजूने झिजायला लागले. उंच गतिरोधकावर पोट घासायचं, तेव्हा मी तिरकी घालायला शिकलो. पुढच्या दिव्यांचा प्रकाश जवळच पडायचा, ते वर करून घेतले. यातली प्रत्येक गोष्ट मी दुरुस्त केली आणि दुरुस्त केल्याचं लोकांना सांगितलं. बायको एकदा म्हणाली की आई बाजाराच्या दुसऱ्या दिवशी पाठीला बाम लावून घेतात. मी म्हटलं, वय झालं.

पंधरवड्याची फेरी तीन आठवड्यांवर गेली, मग महिन्यावर. आईकडे कारणं असायची. लोणचं घालायचंय. ऊन फार आहे. आज अंगात कणकण वाटते. मीही आधी ऐकून घेतलं. मग एकदा सलग दोन महिने ती गेली नाही आणि बाजाराच्या सकाळी पुन्हा नको म्हणाली, तेव्हा माझं टाळकं सरकलं. माझा स्वभाव तसा आहे. बोलून झाल्यावर कळतं की बोललो. मी म्हणालो, “तुझ्यासाठी गाडी कापली मी, आणि आता तुलाच जायचं नाही? मग कुणासाठी केलं हे सगळं?”

आईने माझ्याकडे पाहिलं. आत गेली, लुगडं बदललं, बोंबलाची पिशवी घेतली आणि गाडीत जाऊन बसली. सहज बसली, नेहमीसारखी. मला वाटलं, बघा, जरा ओरडावं लागतं.

त्या दिवशी परत येताना, उधव्याच्या अलीकडे, मागच्या फेरीला नसलेला एक गतिरोधक होता. जाताना तो हळू ओलांडला होता, पण परतताना माझ्या ध्यानातून गेला. पांढरे पट्टे नाहीत, पाटी नाही, झाडाच्या सावलीत लपलेला. मी काही वेगात नव्हतो, पण हळूही नव्हतो. गाडी आपटली. आई नुसतं “आई गं” म्हणाली, अगदी हलक्या आवाजात, जसं भाजी चिरताना बोट कापलं तर म्हणतात. मी आरशात पाहिलं. या वेळी ती हसत नव्हती, डोळे मिटून बसली होती. मला वाटलं डोळा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला अंथरुणावरून उठता येईना. डहाणूला एक्स-रे काढला. कमरेच्या वरचा एक मणका दबला होता. डॉक्टर म्हणाले, या वयात हाडं ठिसूळ असतात, बादली उचलतानासुद्धा असं होऊ शकतं. ते वाक्य आम्ही सगळ्यांनी घट्ट धरून ठेवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी तेच सांगत होतो, बादली उचलतानासुद्धा होतं म्हणून. आईने त्या महिन्यात बादली उचललीच नव्हती, हे मात्र मी कुणाला सांगितलं नाही. दोन महिने पट्टा बांधून ती पडून होती. नंतर उठली, हळूहळू ओट्यापर्यंत चालायला लागली. पण वाकायचं नाही, आणि गाडीतून लांबचा प्रवास तर करायचाच नाही.

तरीही मला कळलं नव्हतं. अंधुक वाटत होतं, पण वाटणं आणि कळणं वेगळं. कळलं ते पावसाळा संपता संपता. तलासरीला डोळे तपासायला गेलो होतो. डोळ्यांत थेंब घातले आणि म्हणाले, दोन-तीन तास गाडी चालवू नका. बायको बरोबर होती, ती चालवायला बसली. पुढच्या सीटवर आणि मागच्या बाकड्यांवर न विकलेल्या कलमांच्या पिशव्या होत्या, त्या कोण हलवणार? मी मधल्या सीटवर बसलो. दीड वर्ष ती गाडी अशी केलेली होती आणि मी त्या सीटवर एकदाही बसलो नव्हतो.

पाय सहज पसरला आणि दाराला टेकलो, आई बसायची तसाच. मुद्दाम नव्हे, तशीच जागा होती. हायवेवर ठीक होतं. चारोटीला हायवे सोडून डहाणूच्या, पावसाने उखडलेल्या रस्त्याला वळलो आणि पहिल्या गतिरोधकाला माझ्या माकडहाडात कळ गेली ती थेट मानेपर्यंत. दात एकमेकांवर आपटले. मी बायकोला म्हटलं, हळू चालव. ती म्हणाली, “वीसने चाललेय.” मी पुढे वाकून काटा बघितला. वीसच होता. मी आईला चाळीसने नेत असे. त्यानंतर एकेक खड्डा मी मोजला नाही, पण सोसला. डोळ्यांतून पाणी येत होतं. बायकोला वाटलं थेंबांमुळे.

घरी पोचलो तेव्हा आई ओट्यावर होती. डोळ्यांचं काय झालं विचारत होती. मला तिच्याकडे बघवेना. मी सरळ विहिरीकडे गेलो आणि बराच वेळ उगाच पाइप जोडत बसलो.

चार दिवसांनी गाडी पुन्हा त्याच गॅरेजला नेली. म्हटलं, कंपनीतून आली होती तशी करा. तो मी सांगितलं होतं ना असं म्हणेल, याची मी तयारी केली होती. म्हणाला असता तर बरं वाटलं असतं. तो काही म्हणाला नाही. नवे स्प्रिंग घातले, पाटे बदलले, आणि काम झाल्यावर स्वतः मागे बसला आणि मला एक चक्कर मारायला लावली. उतरताना एवढंच विचारलं, आई बऱ्या आहेत ना? मी मान हलवली.

गाडी पुन्हा उंच झाली, मऊ झाली, वळणावर पुन्हा कलायला लागली. आईला जाता येत नाही तर मावशीला आणायचं, एवढंच माझ्या हातात उरलं होतं. पाड्यात गेलो. मावशी वाळली होती, एका डोळ्याने कमी दिसत होतं, पण निघाली लगेच. मी क्रेट ठेवला, ती चढली. उधव्याच्या रस्त्याने मी गाडी अशी चालवली की मागून बैलगाडी पुढे गेली असती. न राहवून विचारलं, मावशी, बसायला बरं वाटतं का?

“आता बरं हाय,” ती म्हणाली. “मागं लय मारायची गाडी.”

मी म्हटलं, तुला कसं माहीत, तू तर कधी बसली नाहीस. तेव्हा तिने सांगितलं. आईला सोडून मी मागे फिरलो की आई बोलायचीच नाही. ओट्यावर चटई टाकून घ्यायची आणि आडवी व्हायची. मावशी तिची पाठ चोळायची, तव्यावर फडकं गरम करून शेकायची. अर्धा-पाऊण तास. मग आई उठून बसायची आणि मग दोघींचं जेवण, बोलणं. आणि मी यायच्या आधी पुन्हा थोडा वेळ आडवी, परतीच्या रस्त्याची तयारी म्हणून. मावशीने हे मला असं सांगितलं जसं काही मला माहीतच असणार.

पुढच्या प्रत्येक गतिरोधकाला मी गाडी जवळजवळ थांबवून पुढे काढली.

घरी आल्यावर मी पुढचं दार उघडून धरलं, पण मावशी सवयीने मागच्या दाराने आत आली. आई खाटेवर होती. मी खुर्ची पुढे केली. मावशी खाली जमिनीवर बसली, खाटेच्या पायाशी, आणि आईला म्हणाली, कसं हाय, शेठाणी? पाड्यातलं अगं-तुगं पाड्यातच राहिलं होतं. आई खाटेवरून खाली बघत होती, ती खालून वर बघत होती, आणि दोघींना मान अवघडत होती. आई खाली बसू शकत नव्हती.

बायकोने चहा आणला, तिघांना सारखे कप. चहा होईपर्यंत मी कसाबसा गप्प बसलो. मग आईला म्हणालोच, “मला सांगायला काय झालं होतं? एक शब्द बोलली असतीस तर दुसऱ्या दिवशी गाडी बदलून आणली असती.” म्हणजे बघा, अजूनही आवाज चढलेलाच होता माझा.

आई खिडकीकडे बघायला लागली. उत्तर मावशीने दिलं, खालूनच, कपातला शेवटचा घोट घेऊन.

“सांगितलं असतं, तर तू बोलला असता, तरास होतो तर जाऊ नको. तिला तर यायचं व्हतं.”

 मी अगदी हेच म्हणालो असतो. गाडी बदलायचं मला नंतर कधीतरी सुचलं असतं, आधी हेच म्हणालो असतो, आणि तेही चिडून. त्या दोघी ओट्यावर बसून माझा स्वभाव ओळखून होत्या, आणि त्याप्रमाणे दीड वर्ष त्यांनी पाठ शेकून वेळ काढला होता.

 मावशी उठली, तिने तिघांचे कप उचलले आणि मागच्या मोरीकडे निघाली. आई म्हणाली, “ठेव गं ते. बस.” मावशी म्हणाली, दोन मिनटांचं काम. पाड्यात मावशीने भांड्याला हात लावला की आई तिचा दंड धरून तिला खाली बसवायची, हे मला नंतर मावशीच्या सुनेने सांगितलं. आत्ता आईने हात पुढे केला, उठायला म्हणून खाटेचा कठडा धरला, आणि पाठीतल्या कळेने तशीच थांबली. मोरीतून कप विसळल्याचा आवाज येत होता.